आरसा नाचतोय, बॉस!

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस काय काय बघतो? आधी रंग. मग टप सरकन मागे जातो का ते. मग बॉनेट उघडून, काही कळो न कळो, 'हं... हं...' करत आत डोकावतो. इंजिन सुरू झालं की डोळे मिटून ऐकतो, सवाई गंधर्वला पहिल्या रांगेत बसल्यासारखा. टायरला लाथ मारणं हा तर जागतिक विधी आहे. एवढं सगळं झाल्यावर दाराचा आरसा दोन बोटांत धरून हलवून बघणारं गिऱ्हाईक मला आजवर फक्त आरशातच दिसलंय!

तर इथे स्लाऊमध्ये एका निवृत्त आजोबांच्या दारात उभी असलेली १९९६ सालची लाल माझदा एमएक्स-५ मी अशीच हलवून बघितली आणि ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा डुगडुगला. 'तेवढं सोडलं तर गाडी ठणठणीत आहे,' आजोबा म्हणाले. मी म्हटलं, तेवढ्याचे शंभर पौंड कमी करा. त्यांनी केले. गाडी घरी आली.

घरी म्हणजे फोनवर पुण्यालाही पोचली.

'कुठली घेतलीस रे?'

'माझदा.'

'माझदा म्हणजे ती शाळेच्या बसची कंपनी ना?'

आईचंही बरोबर आहे. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची बस, नाहीतर टेम्पो. माझदाच्या कार भारतात विकायला नाहीतच, तर हिचं नाव कुणाच्या कानावर असणार?

'आई, ही स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीटची.'

'मग बाबा आणि मी तिकडे आलो की तू कुठे बसणार?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साठच्या दशकात लोटस एलानसारख्या छोट्या, हलक्या, उघड्या गाड्या ही ब्रिटिशांची खासियत. दिसायला झकास, पण पावसात गळणार आणि रस्त्यात बंद पडणार. जपान्यांनी तीच कल्पना उचलली, गळती आणि रुसवेफुगवे काढून टाकले आणि १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये एमएक्स-५ उभी केली. वजन जेमतेम एक टन, डोळे मिचकावणारे हेडलाइट्स, आणि किंमत पगारदाराला परवडेल अशी. २००० साली गिनीज बुकात ती सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. आज इंग्लंडमध्ये जुनी एमएक्स-५ म्हणजे आपल्याकडची जुनी बुलेट समजा. प्रत्येक गल्लीत एक असते आणि तिचा मालक रविवारी तिच्याखाली असतो.

आता मुद्द्यावर येतो. आरसा हलतो म्हणजे असं काय मोठंसं बिघडलं? इंजिन चालतंय, ब्रेक लागतायत, गाणी वाजतायत. आरशाचं काय, बघू सवडीने!

सोमवारी सकाळी एम-फोर मोटरवेवर या, मग सांगतो. इथे वेगाची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किलोमीटर. स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच, त्यामुळे पुढच्याला ओव्हरटेक करायचं तर उजव्या लेनमध्ये जायचं, आणि त्याआधी उजव्या आरशात बघायचं. ताशी तीस मैलांपर्यंत माझा आरसा शहाण्या मुलासारखा वागायचा. चाळिसाला कुजबुजायला लागायचा. साठाच्या पुढे वारा लागला की अंगात आल्यासारखा. मागची दुनिया म्हणजे ओल्या रंगावर कुणी बोटं फिरवावीत तशी. ट्रक असेल तर कळायचा, कारण ट्रक फासल्यावरही ट्रकच दिसतो. मोटरसायकलचा हेडलाइट मात्र एक पांढरी रेघ व्हायचा. तो लांब आहे, जवळ आहे, वेगात येतोय, की मुळात तो हेडलाइटच नाही, नुसतं ऊन आहे? काही कळायचं नाही. आणि मोटरसायकलवाल्यांना इथे दोन लेनच्या मधून पुढे काढायला कायद्याने मनाई नाही.

हे नुसतं मनाचं नाही, यामागे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. आरसा एक अंशाने फिरला की परावर्तित किरण दोन अंशांनी फिरतो. म्हणजे आरसा थरथरतो त्याच्या दुप्पट त्यातलं चित्र थरथरतं. आरशाची एका अंशाची थरथर हाताला जेमतेम जाणवते, पण तीस मीटर मागची मोटरसायकल तेवढ्याने आरशात मीटरभर इकडून तिकडे जाते. दर सेकंदाला कितीतरी वेळा!

साध्या हॅचबॅकमध्ये हे एक वेळ निभतं, कारण आतला मोठा आरसा असतो. माझ्या गाडीत तो शोभेचा. या पिढीच्या एमएक्स-५ च्या टपाला मागे प्लॅस्टिकची खिडकी असते आणि पंचवीस-तीस वर्षांत ते प्लॅस्टिक जुन्या लॅमिनेशनसारखं पिवळट आणि धुरकट होतं. टप लावलेला असेल, बाहेर पाऊस असेल (आणि इंग्लंडात बाहेर पाऊस असतोच), तर मागचं म्हणून जे काही दिसतं ते दारावरच्या दोन आरशांत. त्यात गाडी एवढी बुटकी की शेजारच्या ट्रकचं चाक आपल्या डोक्याच्या उंचीला. अशा गाडीत उजवा आरसा सैल ठेवणं म्हणजे एक डोळा मिटून चालवणं. एका मंगळवारी लेन बदलायला म्हणून मी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, खात्री पटेना, म्हणून थांबून मान वळवून बघितलं. खांद्याशी मोटरसायकल होती. तो हात करून पुढे निघून गेला. मी पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली आणि ठरवलं, हा शनिवार आरशाचा.

गंमत म्हणजे रेसिंग कारवरचा पहिला गाजलेला आरसाही असाच नाचरा होता. सन १९११, इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत. त्या काळी रेसिंग कारमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक मेकॅनिक बसायचा, मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचं हे त्याच्या कामांपैकी एक. रे हॅरून नावाच्या ड्रायव्हरची मार्मन वास्प गाडी मात्र एका माणसापुरतीच. बाकीच्यांनी आक्षेप घेतला की याला मागचं दिसणार कसं? हॅरूनने समोर एक आरसा लावून घेतला. त्याने म्हणे शिकागोत एका घोडागाडीवर तसा आरसा पाहिला होता. ताशी ७४.६ मैलांच्या सरासरीने तो शर्यत जिंकला आणि आरसा इतिहासात गेला. पुढे म्हाताऱ्या हॅरूनने हसत हसत सांगून टाकलं, विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हतं!

त्याच्याही दोन वर्षं आधी, १९०९ मध्ये, डोरोथी लेव्हिट या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर बाईंनी गाडी चालवणाऱ्या बायकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा सल्ला होता की हातातला छोटा आरसा गाडीत जवळ ठेवा आणि मधूनमधून वर धरून मागे काय चाललंय ते बघा. पर्समधला आरसा! मेकअप हा त्याचा साइड बिझनेस.

असो. शनिवारच्या आधी रीतसर चौकशी केली. एका मोठ्या गॅरेजला फोन लावला. पलीकडच्या माणसाने गाडी न बघताच निदान केलं, 'पूर्ण आरसा बदलावा लागेल.' आरसा, रंग, मजुरी असं सगळं मिळून त्याने जो आकडा सांगितला त्यात माझं पुण्याचं जायचं-यायचं अर्धं तिकीट निघालं असतं. मी विचारलं, नुसता घट्ट नाही का करता येणार? तो म्हणाला, 'आम्ही तसलं काम करत नाही.' राग त्याचाही येत नाही. इथे मजुरी तासावर, त्याने दोन तास स्क्रूशी झटापट करायची आणि शेवटी तो सैलच राहिला तर गिऱ्हाइकाची बोलणी खायची, त्यापेक्षा नवा सुटा भाग लावून मोकळं होणं त्याला स्वस्त. पण त्याला स्वस्त म्हणजे मला महाग, काय?

मग आमचा नागपूरकर. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, गाडी बघायला खाली आला, भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, 'गाडी तर एक नंबर आहे बे. पण हा आरसा काऊन नाचून राहिला?'

'सैल झालाय.'

'मग एम-सील लाव न भाऊ. एका रात्रीत दगड होते.'

मंडळी, इथे थांबा. हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल, किंवा तुम्ही कुणाला दिला असेल. एम-सील, अराल्डाइट, फेविक्विक, नाहीतर वरून काळी टेप. आरसा घट्ट होतो, प्रश्नच नाही. पण दाराचा आरसा दुमडतो तो फक्त अरुंद पार्किंगसाठी नव्हे. कुणा पादचाऱ्याला, सायकलवाल्याला तो लागला तर त्याने मान टाकावी, समोरच्याचं कोपर किंवा बरगडी मोडू नये, म्हणून तो सांधा असतो. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ४६ क्रमांकाच्या नियमावलीत आरशाला लोलकाने ठोसा मारून तो कसा वागतो हे तपासायची रीतसर चाचणी आहे. एम-सीलने तो सांधा भरला की आरसा दारावर ठोकलेली हातोडी होतो. आपल्याकडे गल्लीत माणसं गाडीला किती घासून चालतात ते आठवा आणि ठरवा. मी नागपूरकराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'बाप्पा! एवढं असते का त्याच्यात?'

तर शनिवार.

हत्याराला हात लावायच्या आधी आरसा नेमका कुठे सैल आहे ते शोधायचं. अर्धं काम तिथेच होतं, आणि पूर्ण आरसा बदला म्हणणारे नेमकं हेच करत नाहीत. एका हाताने आरशाचं बाहेरचं कवच घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने काच हलकेच दाबा. कवच स्थिर पण काच लटपटते? मग मागच्या प्लॅस्टिकच्या ताटलीचे क्लिप गेलेत किंवा काचेचा चिकटा सुटलाय. आता आरशाचं बूड, म्हणजे दाराला चिकटलेला भाग, घट्ट धरा आणि डोकं हलवा. डोकं डुलतंय पण बूड जागेवर? मग दुमडायचा सांधा सैल. बूडही दारावर हलत असेल तर आतले स्क्रू ढिले झालेत. आणि बुडाबरोबर दाराचा पत्राच आतबाहेर होत असेल तर ते काम घरचं नाही, गाडी पत्र्याच्या कारागिराकडे न्या.

माझं बूड जागेवर होतं. डोकं डुलत होतं. म्हणजे सांधा.

सांध्याची रचना कुठल्याही गाडीत थोड्याफार फरकाने सारखी असते. एक खुंटा, त्याभोवती जाडजूड स्प्रिंग, आणि ती दाबून ठेवणारा बोल्ट किंवा नट. स्प्रिंग डोक्याला बुडावर दाबते. दोघांच्या टेकायच्या जागी खाचा असतात, त्यामुळे आरसा 'खट्' करून उघडा किंवा मिटलेला राहतो. वर्षानुवर्षं थरथरून बोल्ट एखादा वळसा मागे सरकतो, किंवा खाचा झिजतात, की स्प्रिंगचा दाब कमी होतो. झालं, आरशाच्या अंगात यायला तेवढं पुरतं.

तिथपर्यंत पोचायला मात्र आरसा दारावरून उतरवावा लागतो. माझ्या गाडीत बुडाशी प्लॅस्टिकचं एक झाकण आहे, त्याच्याआड दारात गेलेले फुलीच्या खाचेचे स्क्रू. आणि याच स्क्रूंपाशी या कामाचं बरंवाईट ठरतं.

ज्यांनी यामाहा आरएक्स-१०० चे स्क्रू उघडायचा प्रयत्न केलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू आणि आपल्या घरातला साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर दिसायला सारखे, पण माप आणि कोन वेगळे. जपानी मानकाला जेआयएस म्हणतात आणि अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीकसा ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्या खाचेत पूर्ण तळाला बसत नाही. जोर लावला की ते वर चढतं, निसटतं आणि खाच कुरतडून गोल करून ठेवतं. लोक म्हणतात, स्क्रू मऊ लोखंडाचे आहेत. लोखंडाचा दोष नसतो, हत्यार दुसऱ्याचं असतं. जेआयएस स्क्रू-ड्रायव्हर इथे सातआठ पौंडांत मिळतो. मी तो आधीच मागवून ठेवला होता.

दुसरी अडचण गंजाची. पोलादी स्क्रू जर हलक्या मिश्रधातूच्या बुडात तीस वर्षं इंग्लंडचा पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पीत बसला असेल, तर दोन धातू एकमेकांना असे धरतात की नवरा-बायकोने धडा घ्यावा! त्यावर उपाय जोर नव्हे, वेळ. शुक्रवारी रात्री स्क्रूंच्या मुळाशी गंज सोडवणारं पातळ तेल दोन-दोन थेंब सोडलं. झोपलो. शनिवारी सकाळी पुन्हा दोन थेंब. मग स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसवून त्याच्या बुंध्यावर छोट्या हातोडीने दोन-चार टकोरे मारले, म्हणजे गंजाची पकड सुटते. आणि मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, नंतर उलटा. 'कट्' असा आवाज आला. मोटरवरची सगळी गाणी एकीकडे आणि हा आवाज एकीकडे.

त्याआधी दोन गोष्टी केल्या होत्या, त्याही सांगतो, कारण या फुकटच्या आहेत. आरशाभोवती रंगावर मास्किंग टेप लावली, स्क्रू-ड्रायव्हर घसरला तर ओरखडा टेपवर यावा म्हणून. आणि मोबाइलने प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. कुठलं वायसर कुणाच्या आधी, हे संध्याकाळी आठवत नाही हो. शिवाय स्क्रू निघाल्यावर दाराच्या पत्र्यातली भोकं फडक्याने बुजवा. सुटा स्क्रू आत पडला तर तो दार उघडबंद करताना आयुष्यभर खुळखुळ वाजतो. आरसा बटनावर चालणारा असेल तर खेचून काढायचा नाही, आधी वायरीची जोडणी सोडवायची. माझा हाताने फिरवायचा, त्यामुळे ती भानगड नव्हती.

आरसा उतरला, उलटा केला, आणि आत काय असावं? पांढरं सिलिकॉन! बाथरूमच्या टाइल्सच्या फटीत भरतात तेच. माझ्याआधीच्या कुठल्यातरी मालकाने, नागपूर न बघताही, नागपुरी उपाय केलेला. ते सिलिकॉन स्प्रिंगच्या वेढ्यांत घुसून बसलं होतं, त्यामुळे स्प्रिंग मोकळी दबतच नव्हती. वर डोकं सैल, खाली स्प्रिंग जखडलेली. टूथपिक, जुना टूथब्रश आणि रेडिओ फोरवरचा एक अख्खा कार्यक्रम एवढ्यात ते निघालं. खाचा तपासल्या, कडा थोड्या गोलावल्या होत्या पण धरत होत्या. खाचा पार झिजल्या असतील तर कितीही घट्ट करा, उपयोग नाही. मग भंगारच्या यार्डातून दुसरा आरसा आणणं बरं. तिथेही तोच नियम, पैसे द्यायच्या आधी हलवून बघायचं.

मग बोल्ट. एका वेळी पाव वळसा. पाव वळसा, आरसा हाताने मिटून बघायचा, परत उघडायचा. पुन्हा पाव वळसा. तळहाताने ठाम दाबलं की 'खट्' करून मिटला पाहिजे, आणि नुसत्या बोटाने हलता कामा नये. मला चार वेळा पाव वळसा लागला, म्हणजे मोजून एक फेरा. एवढ्या एका फेऱ्यासाठी गॅरेजवाला अर्धं तिकीट मागत होता! पाचवा पाव वळसा द्यायचा मोह होतो, तो आवरायचा. त्यापुढे आरसा दुमडेनासा होतो, किंवा जुना मिश्रधातू तडकतो.

बोल्ट तिथेच राहावा म्हणून आट्यांवर निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब. निळाच. लाल लावला तर पुढच्या वेळी उघडायला बोल्ट तापवावा लागतो. आणि हे रसायन प्लॅस्टिकवर सांडू द्यायचं नाही, काही जातींच्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. रात्रभर वाळू दिलं. रविवारी सकाळी बुडाखालचं रबर साबणाच्या पाण्याने धुऊन बसवलं, नव्या स्क्रूंच्या आट्यांना बोटभर ग्रीस लावलं (पुढच्या मालकाने माझ्या नावाने बोटं मोडू नयेत म्हणून), सगळे स्क्रू आधी सैलसर लावले आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच आधी पूर्ण आवळला तर बूड तिरकं बसतं आणि फटीतून पाणी आत जातं.

हिशेब हवाय? स्क्रू-ड्रायव्हर, तेल, थ्रेडलॉकर आणि चार स्क्रू मिळून वीस पौंडांच्या आत. त्यातलं तेल आणि हत्यार पुढची दहा वर्षं पुरेल. आजोबांनी कमी केलेल्या शंभरातले ऐंशी अजून शिल्लक, त्यांची एक पार्टी नागपूरकराने केव्हाच गृहीत धरलीये.

पार्टीच्या आधी मात्र एमओटी होती. इंग्लंडात तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी लागते. १ ऑगस्ट १९७८ नंतर रस्त्यावर आलेल्या कारला ड्रायव्हरच्या बाजूचा बाहेरचा आरसा सक्तीचा, शिवाय आतला किंवा पलीकडच्या दाराचा एक. २०१८ च्या मे महिन्यापासून दोषांची प्रतवारी केलीये. आरसा थोडा सैल असेल तर किरकोळ दोष म्हणून नोंद होते, निसटायच्या बेतात असेल तर गाडी सरळ नापास. तपासणाऱ्या माणसाने माझा उजवा आरसा धरला, हलवला, काही बोलला नाही आणि पुढे गेला. डाव्या टायरपाशी मात्र बराच वेळ बसला. ती पुढच्या कधीतरीच्या कॉलमची गोष्ट.

त्यानंतरच्या सोमवारी एम-फोरवर साठ झाले, पासष्ट झाले, सत्तर झाले. आरशात मागचा ट्रक, त्याच्या काचेवरचा वायपर, आणि ट्रकच्या बाजूने येणारी एक मोटरसायकल. तिचा हेडलाइट गोल होता. मी लेनमध्येच राहिलो, ती गेली, मग मी निघालो.

पुण्या-मुंबईत तुमच्याकडे एमएक्स-५ नसेल. पण वॅगन-आर असो, आय-ट्वेंटी असो, रिक्षाने आणि टँकरने मिटवलेला, वॉचमनने उलटा दाबून उघडलेला आरसा आहेच ना? आपल्या पिढीला आठवत असेल, पूर्वी कितीतरी गाड्यांच्या बेस मॉडेलला डावा आरसाच नसायचा, आणि ज्यांना असायचा ते तो मिटूनच ठेवायचे. आता दोन्ही असतात तर निदान दोन्ही स्थिर असू द्या. उद्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीत की अर्धा मिनिट काढा, काच, डोकं, बूड या क्रमाने हलवून बघा. डोकं डुलत असेल तर तुमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक ते चहा पिता पिता करून देईल. तो एम-सील काढायला लागला तर चहा तुम्ही पाजा, पण एम-सील परत खिशात ठेवायला लावा.

आमच्या नागपूरकराने काल त्याची हॅचबॅक माझ्या दारात आणून लावली. 'माझा पण आरसा नाचून राहिला भाऊ, कर न मोकळा.' मी कवच धरलं आणि काच दाबली. त्याची काच लटपटतेय, मागचा क्लिप तुटलाय. सांध्याला हात लावायची गरजच नाही. नवी काच ताटलीसकट मिळते, मागवलीये. गुरुवारी येईल.